मातीचा गोळा, पऱ्हाटीच्या काड्या आणि बोरं: लिगँड अन् समघटक शिकायची आमची रीत

बारावीचा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा, म्हणजे मधला धातू आणि त्याला बांधलेले रेणू-आयन (हेच लिगँड) यांचा, धडा पुस्तक उघडून सुरू करू नका. आधी सामान गोळा करा. ढेकळं काढून भिजवलेली दोन मुठी काळी माती, पऱ्हाटीच्या किंवा तुऱ्हाटीच्या बोटभर लांबीच्या पंधरा-वीस काड्या, दहा हिरवी बोरं, दहा पिकलेली लाल बोरं आणि हातभर सुतळी. बोरांचा हंगाम नसेल तर लिंबोळ्या चालतात, हिरव्या अन् पिवळ्या. मागच्या खेपेला मी बोरं वर्गात नेली, तर तास संपेस्तोवर पोट्ट्यांनी निम्मे लिगँड खाऊन टाकले होते. तेव्हा चार जास्तीचीच घ्या.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या आणि अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढं बसलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. या धड्यातली भीती रसायनाची कमी आणि शब्दांची जास्त असते. आयसोमर म्हणजे समघटक: अणू तेच, त्यांची संख्या तीच, मांडणी मात्र वेगळी, आणि म्हणून पदार्थही वेगळा. इथं मी रेणूंची नावंच लिहिणार आहे. वहीत तुम्ही चिन्हं लिहीत चला.

सुरुवात बंधापासून

सावड तुम्हाला ठाऊक आहे. दोघांकडं एकेकच बैल असला की दोघं मिळून जोडी जुंपतात. सहसंयुज बंध तसाच, दोन अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन आणि जोडी दोघांची. लिगँडचा मामला वेगळा आहे. इथं एकाच्या दारात अख्खी बैलजोडी उभी आहे आणि तिला काम नाही. दुसऱ्याचं वावर रिकामं पडलंय आणि त्याच्याकडं बैल एकही नाही. जोडीवाला म्हणजे लिगँड, वावरवाला म्हणजे धातूचा आयन. जोडी एकानं आणली तरी एकदा जुंपल्यावर ती दोघांची.

मग लिगँड कोण होऊ शकतो हे पाठ करायची गरज उरत नाही. ज्याच्याकडं न वापरलेली इलेक्ट्रॉन-जोडी आहे तो. अमोनियातल्या नायट्रोजनवर अशी एक जोडी असते, पाण्यातल्या ऑक्सिजनवर दोन, क्लोराइडवर चार. मिथेनकडं एकही नाही, म्हणून मिथेन या रांगेत दिसत नाही. अमोनियम आयनचं काय? त्यातल्या नायट्रोजनची जोडी हायड्रोजननं आधीच जुंपून नेलेली असते, म्हणून तो लिगँड होत नाही. अमोनिया होतो, अमोनियम होत नाही. हा प्रश्न परीक्षेत आडून येतो.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या. मोर्शी-वरुडकडं संत्र्याच्या बागा असलेल्या घरांत ते बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं असतंच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. कॉलेजच्या लॅबमध्ये कोरड्या परीक्षानळीत त्याचे चार खडे तापवा. निळा रंग उडतो आणि पांढरी भुकटी राहते. नळी गार झाली की पाण्याचा एक थेंब टाका. भुकटी पुन्हा निळी होते आणि नळी हाताला कोमट लागते. तांब्याभोवती पाणी लिगँड म्हणून बसलेलं होतं, ते गेलं आणि परत आलं.

आता मोरचुदाच्या पातळ द्रावणात अमोनिया थेंब-थेंब सोडा. आधी फिकट निळा गढूळ साका येतो आणि पुष्कळ जण इथंच थांबतात. थांबू नका, अजून सोडा. साका विरघळतो आणि कपड्यांच्या निळीसारखा गडद रंग चढतो. तांब्याभोवतीच्या चार पाण्यांना उठवून तिथं चार अमोनिया बसले. त्यात थोडं ॲसिड घातलं की रंग पुन्हा फिका पडतो. का, ते वर अमोनियमच्या गोष्टीत आहे.

मोरचूद विषारी असतं. घरच्या भांड्यात हा खेळ करू नका, हात साबणानं धुवा, अमोनियाची बाटली नाकाजवळ नेऊ नका.

दावण आणि कोंडवाडा

सूत्रातला चौकोनी कंस हा या धड्याचा कणा आहे, आणि पोरं त्याच्याकडं सजावट म्हणून बघतात. कंसाच्या आत धातू आणि त्याला बांधलेले लिगँड. बाहेर असतात ते नुसते विजेच्या ओढीनं सोबत राहिलेले, पाण्यात टाकलं की मोकळे. मी वर्गात सांगतो, आतली जनावरं दावणीला बांधलेली, बाहेरची चरायला सुटलेली. (बैलाचा दाखला इथं बदलतो, गोंधळू नका. मघाशी बैल म्हणजे इलेक्ट्रॉन होता, आता जनावर म्हणजे अख्खा लिगँड.)

बांधलेलं कोण, सुटलेलं कोण हे ओळखायला कोंडवाडा आहे, सिल्व्हर नायट्रेटचा. तो फक्त मोकळे क्लोराइड धरतो आणि पांढरा साका खाली बसवतो. दावणीच्या क्लोराइडला तो सहजी हात लावत नाही.

कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांपासून एकोणिसाव्या शतकात रंगीबेरंगी क्षार बनवले गेले होते. प्रत्येकात एका कोबाल्टला तीनच क्लोराइड. पण सहा अमोनियांचा पिवळा क्षार तिन्ही क्लोराइड सोडतो, पाच अमोनियांचा जांभळट क्षार दोनच, आणि चार अमोनियांचा हिरवा क्षार एकच. १८९३ साली आल्फ्रेड वर्नर या २६ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञानं याचा उलगडा मांडला: कोबाल्टच्या दावणीला खुंटे सहा. अमोनिया कमी झाला की रिकाम्या खुंट्याला क्लोराइड येऊन बांधला जातो आणि कोंडवाड्यात सापडेनासा होतो. वर्नरला १९१३ चं नोबेल मिळालं.

म्हणून गणित असं. चार अमोनियांच्या क्षारात सहातले चार खुंटे अमोनियाचे, उरलेले दोन क्लोराइडचे. एक क्लोराइड बाहेर. एक मोल क्षारातून सिल्व्हर क्लोराइड एकच मोल. "पण सर, सूत्रात तर क्लोरीन तीन आहेत जी," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. आहेत, पण दोन बांधलेले आहेत.

धातूचा प्रभारही इथूनच निघतो. बाहेर एक ऋण क्लोराइड, म्हणजे कंसावर अधिक एक. आत दोन क्लोराइडचे मिळून उणे दोन, अमोनिया शून्य, तेव्हा कोबाल्ट अधिक तीन. याहून जास्त त्यात काही नाही, पुढं जाऊ.

लिगँड मोजू नका, दात मोजा

माझी स्वतःची चूक सांगतो. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मी तीन एथिलीनडायअमीन असलेल्या कोबाल्टचा कोऑर्डिनेशन नंबर (धातूचे भरलेले खुंटे किती, तो आकडा) तीन लिहिला होता आणि वर अभिमानानं अधोरेखितही केला. उत्तर सहा आहे. एथिलीनडायअमीन, ज्याला सगळे नुसतं 'एन' म्हणतात, त्याला दोन टोकांना दोन नायट्रोजन असतात आणि तो दोन्हीकडून चावतो. तो द्विदंती. ऑक्झलेटही द्विदंती. अमोनिया, पाणी, क्लोराइड एकदंती. खुंटे दातांनी भरतात, तोंडांनी नाही.

दातांचा बादशहा म्हणजे ईडीटीए. दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन, मिळून सहा दात. आणि त्याची पिशवी तुमच्या घरी कदाचित फवारणीच्या पंपाशेजारी पडलेली असेल. कृषी केंद्रात झिंक सल्फेट मिळतं, त्यात २१ टक्के झिंक. शेजारीच 'चिलेटेड झिंक' असतं, म्हणजे झिंक-ईडीटीए, त्यात १२ टक्के. एका पोराच्या वडिलांनी मला थेट विचारलं होतं, "सर, झिंक कमी अन् पैसे जास्त, हे काहून?"

उत्तर याच धड्यात आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत उघडं झिंक पडलं की बरंचसं न विरघळणाऱ्या रूपात अडकतं आणि मुळांना मिळत नाही. ईडीटीए त्याला सहा बाजूंनी धरून विरघळलेलं ठेवतो. 'चिलेट' हा शब्दच मुळी खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलाय. लोखंडाच्या बाबतीत मात्र ही नांगी आपल्याकडं कमी पडते. जमिनीचा पीएच चढा असला आणि कॅल्शियम मुबलक असलं की ईडीटीए लोखंड फार काळ धरून ठेवत नाही, त्यासाठी ईडीडीएचए नावाचा वेगळा लिगँड वापरतात.

दातांची पकड इतकी घट्ट का? एकदंती लिगँड सुटला की वाहून गेला. ईडीटीएचा एक दात निसटला तरी पाच धरून असतात, सहाव्याला परत बसायला वेळ मिळतो. दुसरं कारण असं की एक ईडीटीए बसताना सहा पाणी मोकळी होतात. मोकळे कण वाढले की एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते, आणि निसर्गाला ते मानवतं. बारावीला पहिलं कारण पुरतं, पुढच्या परीक्षांना दुसरं लागतं.

बीएस्सीला गेलात की बोअरच्या पाण्याचा जडपणा याच ईडीटीएनं मोजाल. पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं की दारूसारखा लालसर रंग येतो, कारण तो रंगद्रव्याचा रेणू मॅग्नेशियमला धरून बसतो. ईडीटीए थेंबाथेंबानं त्याच्या हातून धातू हिसकावतो. शेवटचा हिसकावला की एका थेंबात निळं. तो थेंब चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

आता हात मातीत घाला

लिंबाएवढा गोळा करा. सहा काड्या खोचा: एक वर, एक खाली, आणि चार दिशांना चार. ही अष्टफलकी रचना. सहा टोकं दोऱ्यानं जोडली तर आठ त्रिकोणी बाजू दिसतात, म्हणून नाव अष्टफलकी, खुंटे मात्र सहाच. कोणत्याही काडीकडं बघा, तिच्या बरोब्बर समोर एकच काडी आणि शेजारी चार. हे वाक्य बोटांनी मोजून खात्री करून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता चार हिरवी आणि दोन लाल बोरं लावा. पहिलं लाल कुठंही लावा, सगळ्या जागा सारख्याच आहेत. दुसऱ्या लालला पर्याय दोन: समोर, किंवा शेजारच्या चारपैकी कुठंही. समोर म्हणजे ट्रान्स, शेजारी म्हणजे सिस. शेजारच्या चार जागांची चार वेगळी रूपं होत नाहीत, गोळा फिरवला की ती एकच निघतात. वहीत चित्रं काढणारी पोरं इथं चार-पाच समघटक काढून दाखवतात आणि हातात गोळा दिला की स्वतःच हसतात.

वर्नरनं हाच मोजणीचा डाव टाकला होता. सहा जागा सपाट षटकोनात असत्या, तर दोन लाल बोरांच्या तीन मांडण्या आल्या असत्या. त्रिकोणी प्रिझमवर असत्या, तरी तीनच. प्रत्यक्षात सापडत होते ते दोनांच्या वर जात नव्हते. चार अमोनिया आणि दोन क्लोराइडच्या कोबाल्ट क्षाराचा हिरवा ट्रान्स प्रकार माहीत होता, पण जांभळा सिस मिळत नव्हता. तो वर्नरनं १९०७ मध्ये बनवला आणि विरोधकांची बाजू लंगडी पडली. क्ष-किरण न वापरता, नुसत्या मोजणीवर त्यानं रेणूचा आकार सांगितला, याचं मला अजून नवल वाटतं.

तीन लाल, तीन हिरवी करून बघा. पुन्हा दोनच मांडण्या येतील. तिन्ही लाल एकाच त्रिकोणी बाजूच्या कोपऱ्यांवर आली तर फॅक. दोन समोरासमोर आणि तिसरं मध्ये, गोळ्यावरून अर्धा पट्टा गेल्यासारखी आली तर मेर. ओळखायची खूण: तीन लालांत समोरासमोरची एक तरी जोडी असेल तर मेर, नसेल तर फॅक.

चार खुंट्यांचे धातू दोन तऱ्हेचे. एक भाकरीसारखा सपाट चौकोन, प्लॅटिनम आणि बरेचदा निकेल असं वागतं. दुसरा चतुष्फलक. गोळ्यात चार काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब खोचा, मग तो जमिनीवर कसाही ठेवा, तीन काड्यांवर उभा राहतो आणि चौथी वर, चपलेत रुतणाऱ्या गोखरूसारखी. चतुष्फलकात सगळे एकमेकांचे शेजारी, समोर कुणीच नाही. म्हणून दोन-दोनच्या जोडीतून तिथं सिस-ट्रान्स निघत नाहीत. सपाट चौकोनात निघतात.

आणि हा फरक कागदावरचा नाही. प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड, सपाट चौकोनात. क्लोराइड शेजारी-शेजारी असले तर ते सिसप्लॅटिन, कॅन्सरवरचं औषध, अमेरिकेत १९७८ साली मंजूर झालेलं. तंबाखूच्या खर्ऱ्यानं आपल्याकडं किती तोंडं खराब केली ते कुणाला सांगायला नको. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनसोबत हेच औषध देतात. पेशीत गेल्यावर त्याचे क्लोराइड सुटतात आणि त्या दोन शेजारच्या जागांनी प्लॅटिनम डीएनएवरच्या दोन लगतच्या घटकांना पकडतं. क्लोराइड समोरासमोर असले तर शेजारच्या दोघांना तसं धरता येत नाही, आणि ट्रान्स प्रकार औषध म्हणून निकामी ठरला. अणू तेच आणि तेवढेच.

समघटक शोधताना विचारायचे प्रश्न

आधी विचारा: दावणीचं जनावर बाहेर आणि बाहेरचं दावणीला, अशी अदलाबदल होऊ शकते का? पाच अमोनिया, एक ब्रोमाइड आणि एक सल्फेट असलेला कोबाल्ट घ्या. ब्रोमाइड आत असला तर क्षार जांभळा, आणि बेरियम क्लोराइडनं पांढरा साका येतो, कारण सल्फेट मोकळा आहे. सल्फेट आत असला तर क्षार लाल, आणि साका सिल्व्हर नायट्रेटनं येतो, फिकट पिवळा. हे आयनीकरण समघटक. पाण्यानंही अशी अदलाबदल होते. लॅबमधलं क्रोमियम क्लोराइड गडद हिरवं असतं, त्यात चार पाणी आणि दोन क्लोराइड आत. त्याच सूत्राचा जांभळा प्रकार सहाही पाणी आत घेतो आणि तिन्ही क्लोराइड बाहेर सोडतो.

मग विचारा: लिगँडला चावायला दोन वेगळी तोंडं आहेत का? नायट्राइटला आहेत. नायट्रोजननं धरलं तर पाच अमोनियांचा कोबाल्ट क्षार पिवळा, ऑक्सिजननं धरलं तर लाल. लाल बाटली ठेवून दिली तर हळूहळू पिवळी होत जाते. थायोसायनेटही असाच दुतोंडी, सल्फरनं किंवा नायट्रोजननं. हा आणि द्विदंती यांत गल्लत करू नका: द्विदंती दोन्ही तोंडांनी एकाच वेळी चावतो, हा एका वेळी एकानंच.

धन आणि ऋण दोन्ही भागांत धातू असला तर लिगँड आपसांत बदलून बसू शकतात. कोबाल्टकडं अमोनिया आणि क्रोमियमकडं सायनाइड, किंवा उलट. एक मार्काचा प्रश्न.

त्यानंतर समोर-शेजारीचा प्रश्न, तो वर झाला. आणि शेवटी आरसा.

आरशाला पोरं घाबरतात. अंबाडीचा दोर वळताना बघितलाय ना? पीळ उजवा किंवा डावा. दोराची खालची बाजू वर करून धरा, टोकं उलटी करा, पीळ तोच राहतो. कितीही फिरवला तरी उजव्या पिळाचा डावा होत नाही. आरशात मात्र होतो. प्रकाशीय समघटकता म्हणजे एवढंच, आणि अशी जोडी ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल एकमेकींच्या उलट दिशांना वळवते.

सहा काड्यांच्या गोळ्यावर सुतळीचे तीन तुकडे घ्या. प्रत्येकानं दोन शेजारच्या काड्यांची टोकं बांधा, अशी की कोणतीच काडी मोकळी राहणार नाही आणि तिन्ही सुतळ्या पंख्याच्या पात्यांसारख्या एकाच दिशेला कललेल्या दिसतील. हा तीन 'एन'चा कोबाल्ट. गोळा आरशासमोर धरा आणि आरशात दिसतं तसा दुसरा गोळा बनवा. दोन्ही समोर ठेवून एकावर एक जुळवायचा प्रयत्न करा. जुळत नाहीत, पीळ उलटा आहे.

आता एक सुतळी काढून त्या जागी दोन लाल बोरं लावा, म्हणजे दोन 'एन' आणि दोन क्लोराइड, सिस. हाही पिळाचा, याचीही आरशातली जोडी वेगळी निघते. तीच बोरं समोरासमोर लावून सुतळ्या मधल्या चौघांना बांधा, म्हणजे ट्रान्स. हा आरशात जसाच्या तसा दिसतो, याला जोडीदार नाही. एकूण तीन: हिरवा ट्रान्स एक, जांभळे सिस दोन. पेपरात याच रेणूवर सर्वांत जास्त प्रश्न पडतात.

वर्नर आणि त्याचा विद्यार्थी किंग यांनी १९११ मध्ये अशी जोडी प्रत्यक्ष वेगळी करून दाखवली. तरी लोक म्हणाले, हा 'एन'मधल्या कार्बनचा प्रताप असेल. तेव्हा वर्नरनं १९१४ मध्ये कार्बनचा एकही अणू नसलेला कोबाल्टचा रेणू घेऊन तेच सिद्ध केलं.

घरी करायला एक. तीन तऱ्हेचे लिगँड, प्रत्येकी दोन-दोन, अष्टफलकात. हिरवी बोरं, लाल बोरं आणि तिसऱ्यासाठी सरकीची बोंडं घ्या. एका वेळी एकच विचारा: कोणत्या जोड्या समोरासमोर? तिन्ही जोड्या समोरासमोर, ही एक मांडणी. फक्त एक जोडी समोरासमोर, ती जोडी कोणती यावरून तीन. एकही जोडी समोरासमोर नाही, ही एक, आणि हिचीच तेवढी आरशातली जोडी वेगळी. पाच भौमितिक, आरसा धरून सहा.

गोळे जपून ठेवायचे असतील तर माती मळतानाच थोडं शेण आणि बारीक कुटार घाला, नाहीतर काळी माती वाळली की भेगाळते आणि काड्या गळायला लागतात. माझ्या टेबलावर गेल्या वर्षीचे दोन गोळे आहेत. बोरांच्या गोळ्याची सहातली चार बोरं केव्हाच घरंगळली. सुतळीचा गोळा मधोमध तडकलाय, एक काडी पूर्ण निसटलीय, पण शेजारणीला बांधलेली असल्यानं ती अजून तिथंच लोंबकळतेय.